कौशल्याकाकूचा फोन

गोळीबार चौक, नागपूर
सोमवार, ९ जून २०२५

वैभव,

वर 'प्रिय' लिहिलं नाही. शाळेत शिकवलं होतं, पण आज हात चालला नाही.

तू माझा फोन उचलत नाही. मेसेज पाहतो अन् ठेवून देतो. शहराच्या टोकाले, बेस्याले फ्लॅट घेतला, पण त्याचा नंबर तुझ्या सख्ख्या बहिणीले माहीत नाही. म्हणून हे पाकीट तुझ्या रेडिओच्या पत्त्यावर पाठवून राहिली. दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तं पडू दे. 'रेडिओ निवांत'वाल्यायलेही कळू दे, की त्यायचा आरजे वेदांत म्हणजे गोळीबार चौकातल्या पुष्पलता सोनकुसरेचा पोट्टा वैभव आहे.

या महिन्यापासून तुले सकाळचा कार्यक्रम मिळाला, हे मले तुझ्याकडून नाही, हेमराजभाऊच्या बसमध्ये कळलं. आमची कंपनीची बस सव्वासातले निघते. कळमेश्वर येईपर्यंत हेमराजभाऊ तुमचंच स्टेशन लावतात. हळू गाणी, आरडाओरडा नाही, बाया डोळे मिटून बसतात. तुझा आवाज आला की मी खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती. कोणाले सांगू नको असं तूच म्हटलं होतं, म्हणून हा माझा भाऊ आहे हे मी तिथं कोणाले सांगतलं नाही.

आज तू गाणं थांबवून म्हणाला, "चला, आपल्या लाडक्या कौशल्याकाकूंचा फोन आलाय." अन् मग तूच, बाईचा आवाज काढून:

"हॅलो वेदांतभाऊ? काय सांगू गा! सूनबाईले म्हटलं, मले एक खिडकी दे, साखर कमी टाक. तं ते माझ्याच तोंडाकडे पाहून राहिली!"

सगळी बस हसली. हेमराजभाऊनं हसता हसता हॉर्न वाजवला. माझ्या बाजूची दीपमाला हसली, मग एकदम थांबली अन् माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

वैभव, हे वाक्य आपल्या आईचं आहे. जानेवारीतलं. चहा मागत होती ती.

डिसेंबरात तिले लकवा मारला तेव्हा तू दोनदा आला होता, तुले आठवत असेल. उजवा हात गेला, तो थोडा थोडा परत आला. शब्दही परत आले, पण घर चुकून आले. चहाच्या जागी खिडकी. टॉवेलच्या जागी जावई. मले 'अंजू' म्हणायचं असलं की 'बुधवार' म्हणत होती. डोक्यात सगळं ठीक आहे, तोंडात येतपर्यंत दुसरंच होते, अन् ते दुसरं झालं हे तिले कळते. म्हाताऱ्या माणसाची गंमत नाही ती. बिमारी आहे.

ते तू रेडिओवर करून दाखवून राहिला. अन् त्यातही तू स्वतः बोलतो शुद्ध, "आलाय", "सांगा ना काकू", अन् काकू बोलते आपल्यासारखी. म्हणजे हसायचं कोणावर, ते ऐकणाऱ्याले सांगाचीही गरज नाही.

उद्यापासून हे बंद झालं पाहिजे. मी विनंती करून नाही राहिली.

अंजू


शुक्रवार, २० जून २०२५

वैभव,

पाकीट भेटलं म्हणायचं. तुझा मेसेज आला. "ताई, ते एक कॅरेक्टर आहे. कुणाचंही नाव घेतलेलं नाही. लोकांना आवडतंय. गैरसमज नको."

माझ्याशी कधीपासून असा बोलाले लागला? 'गैरसमज' म्हणे. बँकेतून आल्यासारखा मेसेज. अन् काकू बंद झाली नाही. सोमवारी तिनं जावयानं अंग पुसलं, तेव्हा तं मागच्या सीटवरच्या बायायले ठसका लागला.

आता इकडचं ऐक.

आई तुझा कार्यक्रम रोज ऐकते. तू दुपारी होता तेव्हापासून. शोकेसवर तो लहान रेडिओ आहे, त्याच्या समोर खुर्ची ओढून बसते, जसा काही तू त्याच्यातून बाहेर येणार आहे. मी कामावर असते, तिच्याजवळ खालची भूमिका येऊन बसते. कॉलेजची पोट्टी आहे, परीक्षेचा अभ्यास इथंच करते. मी तिले विचारलं, "ही काकू केव्हापासून सुरू आहे वं?"

ते म्हणाली, "एप्रिलपासून. आधी काकू मजेशीर वाटे. पुष्पामावशी हसत नाही म्हणून मग मीही हसणं सोडलं."

एप्रिल. तुले सांगते एप्रिलचं महत्त्व. श्वेता मॅडम आहेत ना, ज्यांच्याकडे मी आईले बोलणं शिकवाले दर मंगळवारी नेते, त्या मे महिन्यात म्हणाल्या होत्या, "आई कमी बोलतायत. घरी काही झालंय का?" मी म्हटलं, उन्हामुळं असेल. मले वाटलं थकली. आता आई बोटानं दाखवते. चहा पाहिजे तं गॅसकडे बोट. पाणी पाहिजे तं माठाकडे बोट. मले बोलावाचं असलं की चमचा ताटावर वाजवते. चुकीचा शब्दही नाही, बरोबर शब्दही नाही.

श्वेता मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, की चुकीचा शब्द आला तं येऊ द्यायचा, त्याच्याच मागून बरोबर शब्द येते. ज्या घरात हसतात तिथं पेशंट तोंड मिटून घेते, अन् एकदा मिटलं की उघडणं कठीण.

ज्या घरात हसतात. इथं तं अख्खं नागपूर हसून राहिलं!

मी रेडिओचे सेल काढून फेकले. बिघडला म्हटलं. आई दोन दिवस माझ्यासोबत जेवली नाही. रेडिओ मांडीवर घेऊन बसली, त्याच्यावर चापट्या मारत. शेवटी भूमिकानं नवे सेल आणले. म्हणजे तुझा आवाज तिले पाहिजेच आहे, अन् तोच आवाज तिची जीभ बांधून राहिला आहे. मी काय करू सांग.

आवाज मीच पाठवले होते तुले, हे मी विसरली नाही. तू म्हणाला होता, "ताई, आईचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवत जा, मले इथं एकटं वाटते." मी दर दोन दिवसांनी पाठवत होती. मले वाटत होतं तू रडत असशील ऐकून. तू लिहून घेत होता.

अंजू


गुरुवार, ३ जुलै २०२५

वैभव,

काल मी तुझ्या ऑफिसात आली, त्याच्याबद्दल.

हाफ डे टाकला, साडी बदलली, आईले भूमिकाजवळ ठेवलं. रामदासपेठेत तुमचं ऑफिस शोधाले वेळ लागला नाही, तुझा फोटो रस्त्यावरूनच दिसते. आत एवढा थंड एसी की माझ्या अंगावर काटा आला. गाणं इतक्या हळू लावलेलं की भिंतीतून येते असं वाटे. अन् तुझ्या फोटोच्या बाजूले कौशल्याकाकूचं चित्र. नऊवारी, जाड चष्मा, एक दात पडलेला, डोक्यावर कार्टूनसारखे बोलाचे फुगे. आईले चष्मा नाही. आईचे दात सगळे शाबूत आहेत. मले तिथं तेच आठवत राहिलं, की दात शाबूत आहेत.

टेबलावरच्या मुलीनं, काजल नाव होतं, गोड हसून विचारलं, "मॅडम, तुम्ही काकूंच्या फॅन का? सेल्फी काढायचा असेल तर तिथं उभ्या राहा."

मी म्हटलं, "वैभवले बोलवा."

"वैभव कोण?"

घे. ज्या नावानं आई तुले हाका मारत होती, ते नाव तिथं कोणालेच माहीत नाही.

मग तू आला. मले पाहून तुझा चेहरा पडला अन् पहिलं काय बोलला? "ताई, इथं नको." मले जिन्यात नेलं. जिना म्हणजे चपराशी डबा खातो ती जागा. तिथं तू मले समजावाले लागला.

"दोन वर्षं मी ट्रॅफिक सांगत होतो ताई. पंचशील चौकात वाहनं हळू आहेत, एवढंच. काकू आली अन् मले सकाळ भेटली. काकू गेली तं सकाळ गेली."

"तं जाऊ दे."

"तुले सोपं आहे बोलणं."

"आई बोलाची बंद झाली वैभव."

मले वाटलं, आता माझा भाऊ बोलेल. अन् तू म्हणाला, "आईले एवढं कळत नाही ताई. तिले कदाचित गंमतच वाटत असेल."

मी तुले थापड मारली. चपराशी डबा घेऊन उठून गेला. त्या थापडीचं मले अजूनही वाईट वाटलं नाही, अन् वाटावं असा प्रयत्नही मी करून नाही राहिली. बाबा असते तं दोन मारल्या असत्या.

मग तू मोबाईल काढला अन् मले काहीतरी ऐकवलं. ते काय होतं, हे मी इथं लिहून नाही राहिली. तुले माहीत आहे, मले माहीत आहे. मी जिना उतरून आली. बर्डीपर्यंत चालत गेली, ऑटो करायचंही सुचलं नाही.

पण त्यानं तुझं बरोबर होत नाही. काही झालं तरी होत नाही.

अंजू


बुधवार, १६ जुलै २०२५
कंपनीच्या कँटीनमधून, जेवणाच्या सुट्टीत

वैभव,

आज सकाळी तू काय केलं ते तुले माहीत आहे. इकडे बसमध्ये काय झालं ते मी सांगते.

फेटरीच्या पुढं होतो आम्ही. तू फर्माईशीचे फोन घेत होता. एक जण वर्ध्याच्या बायकोसाठी गाणं मागून गेला. मग तू म्हणाला, "नमस्कार, रेडिओ निवांत, कोण बोलतंय?"

बराच वेळ नुसता श्वास. मग आवाज आला, "मी... पुष्प... पुष्पलता."

महिनाभर ज्या बाईनं घरात एक शब्द काढला नाही, ते हेमराजभाऊच्या स्पीकरमधून बोलून राहिली होती.

"मले ते... ते कुलूप लाव ना. जुनं कुलूप."

गाणं लाव म्हणत होती. तू ओळखलं. खोटं बोलू नको, तू 'पुष्प'लेच ओळखलं होतं. दोन क्षण तुझ्या तोंडून काही निघालं नाही, मी ऐकलं ते. त्या दोन क्षणांत मी देवाले म्हटलं, आता हा 'आई' म्हणू दे.

अन् तू म्हणाला, "अरे वा, काकू! आज आवाज बदलून आलात! कोणतं कुलूप लावू, साधं की नंबरवालं?"

बस फुटली हसून. आईही हसली गा तिकडे. तिले वाटलं तू तिच्याशी बोलून राहिला. मग तिनं विचारलं, एकदम साफ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही: "जेवला काय?"

"जेवलो काकू, तुमच्या सुनेनं खिडकी पाजली!"

मी उठून उभी झाली. चालत्या बसमध्ये ओरडली, "बंद करा ते! ते माझी आई आहे! काकूबिकू कोणी नाही, माझी आई आहे, तिले लकवा मारला आहे, अन् तो बोलणारा माझा भाऊ आहे!"

हेमराजभाऊनं रेडिओ बंद केला अन् बस बाजूले घेतली. मागचे ट्रक हॉर्न देत जाऊन राहिले होते.

मग दीपमाला बोलली. रागानं नाही, हळूच बोलली. पण सगळ्यायनं ऐकलं. घंटी झाली, उरलेलं घरी जाऊन लिहिते.


त्याच दिवशी, संध्याकाळी पाचले, घरी

मी दार उघडलं तं आई उभीच होती. भूमिका तिच्या मागं, रडवेली. "ताई, मावशीनंच नंबर लावून मागितला. रेडिओकडे अन् फोनकडे बोट दाखवून दाखवून. मले वाटलं वैभवदादा ओळखतील अन् बोलतील."

आई माझा हात धरून म्हणाली, "उचलला त्यानं."

मी म्हटलं, "काय?"

"फोन. माझा फोन... उचलला त्यानं."

समजलं तुले? सहा महिने ते मले तुझा नंबर लावाले लावे अन् घंटी वाजून वाजून बंद होत होती. रेडिओचा फोन कोणीतरी उचलतेच, हे तिनं बरोबर हेरलं. तिले तेवढंच पाहिजे होतं. अन् तेव्हापासून बोलत सुटली आहे. भाजीले शनिवार म्हणते, पंख्याले मामा म्हणते, बोलते पण. आता इथं मागं बसून भूमिकाले तुझ्या लहानपणाचं काही सांगून राहिली, अर्धं कळत नाही.

तू तिले जगासमोर हसण्यावारी नेलं, अन् त्यानंच ते बोलती झाली. मी माझा राग कुठं नेऊन ठेवू, वैभव? कोणाच्या दारात नेऊन टाकू?

अंजू


रविवार, २७ जुलै २०२५

वैभव,

हे पत्र बेस्याच्या पत्त्यावर येईल, कारण आज तू जाताना तो कागदावर लिहून शोकेसवर ठेवला. मी पाहिला.

भूमिकानं सांगतलं, की त्या दिवशी फोननंतर तू एक गाणं लावलं, मग दुसरं, मग तिसरं, अन् कार्यक्रम संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून काकू आली नाही. तुमचे लोक सांगतात काकू माहेरी गेली. कालपासून सकाळी दुसराच कोणी बोलते. तू काही सांगतलं नाही, मी विचारलं नाही. तुझी सकाळ गेली असेल तं मले त्याचं दुःख नाही.

आज तू घरी आला. पेशंटकडे जातात तशी केळी घेऊन आला. मी स्वयंपाकघरात होती अन् बाहेर आली नाही. चहा भूमिकाच्या हातून पाठवला. पण मी सगळं ऐकत होती.

जिन्यात तू मले जे ऐकवलं होतं, ते आता लिहिते. नाही लिहिलं तं मी तुझ्यासारखीच होईन. ते जानेवारीचं रेकॉर्डिंग होतं. आई म्हणते, "एक खिडकी दे, साखर कमी टाक." अन् मागं कोणीतरी हसून राहिलं. श्वास घ्याले थांबते अन् पुन्हा हसते. ते मी आहे. हसता हसता मी म्हणून राहिली, "आई, पुन्हा म्हण ना वं, वैभवले पाठवते." अन् आई पुन्हा म्हणते. तिले कळलं होतं चुकलं ते, तरी मी हसली म्हणून पुन्हा म्हणते.

अन् बसमध्ये दीपमाला काय बोलली होती? "अंजू, जानेवारीत तूच तं आम्हाले सांगत होती, हसत हसत. खिडकीचं, जावयाचं, सगळं." खरं आहे. दिवसभर हातमोजे घालून डबे पॅक करायचे, घरी येऊन आईले धुवायचं पुसायचं. बसमध्ये तेवढा एक तास मले कोणाले हसवाले भेटत होतं. मी माझ्या आईवर हसवलं त्यायले. मी बसभर केलं, तू शहरभर केलं. एवढाच फरक. पण फरक आहे, अन् तो मी सोडणार नाही. मी तिच्या तोंडात घास घालत होती. तू फोन उचलत नव्हता.

आईनं तुले माफ केलं. आज तुझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. ते तिची मर्जी. तिच्या माफीत माझी धरू नको.

आता कामाचं. मंगळवारी साडेअकराले श्वेता मॅडमकडे जायचं असते. मी सुट्ट्या संपवल्या. या मंगळवारपासून तू नेशील. चपला डाव्या पायात आधी घालाव्या लागतात. ऑटोवाल्याले सांगायचं, खड्ड्यातून हळू ने. मॅडम चित्रं दाखवतात अन् आई नावं सांगते. तू बाजूच्या खुर्चीवर बसायचं.

अन् हे नीट वाच, कारण आज तू हेच केलं अन् मी भाकरी तव्यावर जाळली. आई तुझ्याकडे पाहून म्हणत होती, "हा आला... हा... वा... वाटी... नाही... वै..." अन् तू पटकन म्हणाला, "वैभव, आई, वैभव." तुले शांतता सहन होत नाही. तुझा धंदाच तो आहे. पण असं कराचं नाही. मॅडमनं सक्त मना केलं आहे. ते शब्द शोधत असते तेव्हा आपण तो तिच्या हातात द्यायचा नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. पाच मिनिटं लागली तं पाच मिनिटं. अर्धा तास लागला तं अर्धा तास.

मॅडम तुझाही फोटो ठेवणार आहेत तिच्यासमोर, मी देऊन आली आहे. आई सुरू करेल. वाटी म्हणेल, वासरू म्हणेल, वारा म्हणेल.

तू तोंड बंद ठेवून बस. तुझं नाव तिलेच सापडू दे.

अंजू